जाम खाली, दुखणं वर: शिरोलीतल्या सँड एलिव्हेटरच्या प्रकल्प नोंदी

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका मध्यम फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) मी मेंटेनन्स बघतो. आमच्या सँड प्लांटमधला रिटर्न सँडचा (साच्यांतून परत येणाऱ्या वाळूचा) बकेट एलिव्हेटर, म्हणजे पट्ट्यावरच्या बादल्यांनी वाळू वर चढवणारं यंत्र, बरेच महिने त्रास देत होता. तो दुरुस्त करताना लिहिलेल्या या नोंदी आहेत. गोकुळ शिरगाव, कागल, हातकणंगले पट्ट्यात असे गावठी बनावटीचे एलिव्हेटर शेकड्याने असतील. कुणी हेच काम हातात घेणार असेल तर आमचा गेलेला वेळ त्याचा वाचावा, एवढ्यासाठी जसं घडलं तसं लिहिलं आहे.

8 जानेवारी 2024, सोमवार (साप्ताहिक सुट्टी)

शनिवारी दुसऱ्या पाळीत एलिव्हेटर पुन्हा बसला. ओव्हरलोड ट्रिप झाला, म्हणजे जादा भार आला म्हणून रिलेने मोटर बंद केली. बूट, म्हणजे एलिव्हेटरचा तळ, गळ्यापर्यंत वाळूने भरलेला. आज सुट्टीच्या दिवशी उपसून काढला.

मशीनची माहिती आधी लिहून ठेवतो. पट्ट्याचा एलिव्हेटर, उचल 11 मीटर. हेडची, म्हणजे वरच्या टोकाची, पुली 500 मिलिमीटर. बकेट 250 रुंद, पट्ट्यापासून 150 पुढे आलेली, दोन बकेटींत 400 मिलिमीटर अंतर. मोटर 5 एचपी, 1440 आरपीएम. मोटरवर 4 इंची पुली, गिअरबॉक्सवर 6 इंची, गिअरबॉक्स 1:25 चा वर्म. म्हणजे हेड शाफ्ट 38 आरपीएमच्या आसपास. मोल्डिंग लाइनला तासाला 22 टन वाळू लागते आणि आम्ही ती कधीच देऊ शकत नाही.

दर वेळी ठरलेली पद्धत अशी: जाम झाला की बूट उपसायचा, रिले रीसेट करायचा, फीड (आत येणारी वाळू) थोडी कमी करायची, पुढे चालू. एक जाम म्हणजे तासभर तरी लाइन उभी. आमचे फिटर मामा आज खड्ड्यातून वर आले आणि म्हणाले, "साहेब, खालनं किती वेळा उपसायचं? ही वाळू वर जाऊन परत खाली येतीया. वरचं दार उघडून बघा की एकदा."

मामांनी एलिव्हेटरच्या उतरत्या बाजूच्या केसिंगला हात लावायला सांगितला. फीड बंद करून एलिव्हेटर रिकामा फिरवत ठेवला, तरी आतून वाळू सरसरत खाली येत असल्याचं पत्र्यावर स्पष्ट जाणवत होतं. उतरत्या बाजूला बकेटी रिकाम्या असायला हव्यात. तिथे वाळू पडते याचा अर्थ ती वर बकेटीतून सुटते, पण शूटमध्ये (हॉपरकडे नेणाऱ्या उतरत्या पन्हाळीत) जात नाही. तीच वाळू बूटमध्ये साठते, बकेटी ती पुन्हा उचलतात, त्यात नवी फीड येऊन पडते आणि शेवटी मोटर दमते. इथून पुढे खालचं काम थांबवून हेडकडे लक्ष द्यायचं ठरलं.

10 जानेवारी

काही उघडण्याआधी मापं घेतली. मापं नसतील तर नंतर सुधारलं की बिघडलं हे कळत नाही, आणि पाळीतला प्रत्येक माणूस वेगळं सांगतो.

एका बकेटीला पांढरा रंग लावला आणि खालच्या दारासमोर बाहेर उभं राहून तिची फेरी मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजली. पट्ट्याची लांबी 23.6 मीटर. 38 आरपीएमला फेरी 23 सेकंदांत व्हायला हवी. भरल्या लोडवर लागले 26 सेकंद. म्हणजे पुली फिरते, पण पट्टा तिच्यावर घसरतो आणि वेगाचा दहावा हिस्सा तिथेच जातो. बकेटीचा खरा वेग सेकंदाला 0.9 मीटर, हिशेबाने 34 आरपीएम धरायला हवा.

शूटखाली ट्रॉली लावून एक मिनिटाची वाळू घेतली आणि वजनकाट्यावर टाकली. 230 किलो. तासाला 14 टनसुद्धा नाही. अँपिअर 5 ते 7 मध्ये सारखे झोके घेतात. 5 एचपीच्या मोटरला फुल लोड साधारण 7 अँपिअर, त्यामुळे रिले उडणारच.

ज्यांचा एलिव्हेटर असाच वागतो त्यांनी एक गोष्ट सगळ्यात आधी बघावी: वरचा हॉपर (वाळू साठवायची टाकी) भरलेला आहे का? हॉपर भरला की शूट तुंबतो, शूट तुंबला की हेड तुंबतं आणि सगळी वाळू उतरत्या बाजूने खाली येते. लक्षण अगदी हेच दिसतं आणि मशीनमध्ये दोष काहीच नसतो. आमचा हॉपर निम्मा रिकामा होता, तेव्हा तो मुद्दा संपला.

15 जानेवारी, सोमवार

हेड उघडलं. मेन स्विच लॉक केला, फ्यूज काढून खिशात ठेवले आणि पट्टा वरच्या बाजूला चेनने बांधून टाकला. हे शेवटचं फार महत्त्वाचं. एका बाजूच्या बकेटी भरलेल्या असतात, त्यामुळे पट्टा मोकळा झाला की उलटा पळतो. वर्म गिअरबॉक्स उलटा फिरत नाही यावर विसंबून कुणीही आत हात घालू नये.

आत जे दिसलं ते असं. प्रत्येक बकेटीच्या तळाच्या कोपऱ्यात काळी, दगडासारखी घट्ट खापरी बसलेली. एक बकेट सोडवून खाली आणली. छिन्नीने खापरी काढली तेव्हा ती अख्ख्या वडीसारखी बाहेर आली, तिच्यावर बकेटीच्या बोल्टच्या डोक्यांचे ठसे उमटलेले होते. बकेटीची निम्मी खोली त्या खापरीनेच भरली होती. वाळूत मिसळलेलं बेंटोनाइट (वाळू धरून ठेवणारी माती), कोळशाची पूड आणि ओल यांचा हा थर. म्हणजे प्रत्येक बकेट ती खापरी रोज फुकट वर नेत आणि खाली आणत होती.

दुसरं, शूटच्या तोंडाशी बकेटीच्या कडेजवळ जी रबराची पट्टी असायला हवी ती झिजून गेलेली. बकेटीची कड आणि शूटचं तोंड यांच्यात 90 मिलिमीटर फट. शूटपर्यंत न पोचणारी वाळू सरळ त्या फटीतून खाली.

तिसरं, शूटचा उतार 45 अंशांचा. कोरड्या वाळूला तो चालला असता. रिटर्न सँड त्यावर थर धरते, आणि हा थर वाढत वाढत हेडच्या तोंडापर्यंत आला होता.

शूटचा पत्रा आजच गॅसने कापू या असं पोरं म्हणत होती, ते थांबवलं. हेडमध्ये कोळशाच्या पुडीची धूळ बोटभर बसलेली असताना तिथे ठिणगी नको. आधी सगळं झाडून, पुसून, पोत्यात भरून खाली आणलं. दिवस त्यातच गेला.

18 जानेवारी

वाळू बकेटीतून नेमकी कुठे सुटते हे डोळ्यांनी बघायचं होतं. हेडच्या बाजूच्या तपासणी दारावर लोखंडी झाकणाऐवजी जाड पारदर्शक अॅक्रिलिक बसवलं, आत एलईडी दिवा सोडला आणि बाहेरून मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ घेतला. धुळीने अॅक्रिलिक मिनिटाभरात काळं होतं, त्यामुळे एलिव्हेटर सुरू झाल्या झाल्या चित्र घ्यावं लागतं. या सगळ्या कामात इतकं स्वस्त आणि इतकं उपयोगी दुसरं काही नव्हतं.

व्हिडिओत दिसलं ते असं. बकेट माथ्यावरून जाते तेव्हा वाळू आत निवांत बसलेली असते. बकेट पलीकडे बरीच कलल्यावर ती सुटते, तीही पुढे न जाता पट्ट्याच्या अंगाने, दोन बकेटींच्या मधल्या जागेत. तिथून तिला शूट दिसतच नाही. शेतातल्या जुन्या रहाटगाडग्यात गाडगी कलतात आणि पाणी खालच्या पन्हाळीत पडतं, तसं हे ओतणं. पण रहाटाला पन्हाळ बरोबर गाडग्याखाली असते. आमचा शूट बाजूला आहे, त्याला फेकलेली वाळू हवी.

मग एक हिशेब केला. हेडच्या बाजूच्या पत्र्यावर शाफ्टच्या केंद्रातून खडूने दोन वर्तुळं काढली: एक पट्ट्याच्या पृष्ठभागाचं, 260 मिलिमीटर त्रिज्येचं, आणि दुसरं बकेटीच्या बाहेरच्या कडेचं, 410 चं. आता 895 ला आरपीएमच्या वर्गाने भागायचं. उत्तर मीटरमध्ये येतं. शाफ्टच्या केंद्रापासून सरळ वर तेवढ्या उंचीवर खूण करायची. ही खूण आतल्या वर्तुळाच्या आत आली तर वाळू पूर्णपणे फेकली जाते, बाहेरच्या कडेवरून. बाहेरच्या वर्तुळाच्याही वर गेली तर फेक नाहीच, वाळू फक्त ओतली जाते, तीही आतल्या कडेने. दोन्हींच्या मधे आली तर थोडी फेक, थोडं ओतणं.

आमचे 34 आरपीएम घातले तर 0.77 मीटर. खूण हेडच्या टोपीच्याही बाहेर गेली. घसरण थांबवून पूर्ण 38 मिळाले तरी 0.61, म्हणजे बाहेरच. व्हिडिओत दिसत होतं तेच खडूच्या खुणेने सांगितलं. मामांना ती वर्तुळं फार आवडली. त्यांनी त्यावर पुसलं जाऊ नये म्हणून ऑइल पेंट मारून घेतला.

एलिव्हेटरचा वेग असा का, हे जुन्या कामगारांकडून कळलं. मोटर एकदा जळाली होती आणि बदलताना हाताशी होती ती पुली लागली. तेव्हापासून जाम सुरू.

22 जानेवारी, सोमवार

आधी घसरण काढायची. वेग बदलून पट्टा घसरतच राहिला तर कुठलाच हिशेब जुळणार नाही. हेड पुलीला चौकटीच्या खाचांचं रबर लॅगिंग (पट्टा घसरू नये म्हणून रबराचं आवरण) करून घेतलं. उद्यमनगरातून लॅगिंग करणारी माणसं आली, पुली न उतरवता जागेवरच केलं. पुलीचा चेहरा ग्राइंडरने पांढरा होईपर्यंत घासणं हाच त्यातला मोठा भाग. खर्च 7,500 रुपये. थंडीमुळे डिंक धरायला वेळ लागला, मंगळवारची पहिली पाळी गेली.

लॅगिंगने पुलीचा व्यास 520 झाला. त्यामुळे तेवढ्याच आरपीएमला पट्टा जरा जोरात जातो आणि खडूची दोन्ही वर्तुळं 10 मिलिमीटरने मोठी होतात, 270 आणि 420. हिशेब करताना हे विसरू नये. बूटकडचे ताणाचे स्क्रू दोन्ही बाजूंनी सारखे फिरवले. पट्टा एका बाजूला सरकला तर बकेटी केसिंगला घासतात.

फेरी 22 सेकंदांवर आली, म्हणजे घसरण जवळजवळ गेली. मिनिटाला 270 किलो. सुधारणा आहे, पण उतरत्या बाजूची सरसर चालूच.

26 जानेवारी, शुक्रवार

झेंडावंदन करून कामाला लागलो. मोटरची 4 इंची पुली काढून 6 इंची लावली, कारण ती स्टोअरमध्ये पडून होती आणि 5 इंची बोअर करून मिळायला वेळ लागणार होता. आता शाफ्ट 57.6 आरपीएम, पट्टा सेकंदाला 1.6 मीटर. खूण 0.27 मीटरवर, म्हणजे बरोबर पट्ट्याच्या वर्तुळावर. पूर्ण फेक.

सुरू केल्या केल्या हेडवर गारा पडाव्यात तसा आवाज. वाळू माथ्याच्या आधीच सुटते, टोपीच्या पत्र्यावर आदळते, तिथून उसळते आणि निम्मी चढत्या बाजूला, निम्मी उतरत्या बाजूला पडते. धुळीचा लोट सगळ्या फटींतून बाहेर. मिनिटाला 250 किलो, म्हणजे आधीपेक्षाही कमी, आणि अँपिअर वर.

जास्त वेगाचा दोष इथे समजून घ्यायला हवा, कारण बहुतेक जण जाम झाला की वेग वाढवतात. धान्याचे एलिव्हेटर याहून जोरात चालतात, ते मीही पाहिलं आहे. पण त्यांची टोपी फेकलेल्या धान्याच्या वाटेप्रमाणे गोल आणि उंच केलेली असते, धान्य टोपीच्या कडेने सरकत शूटमध्ये जातं. आमची टोपी म्हणजे चौकोनी डबा, पट्ट्याला जवळ. तिला पूर्ण फेक झेपत नाही. शिवाय वाळू पत्रा खाते. टोपी नवी करणं शक्य होतं, पण तो खर्च आणि लाइन बंद ठेवण्याचा काळ आत्ता परवडणारा नव्हता. दोन दिवस एलिव्हेटर याच वेगावर, कमी फीडवर चालवावा लागला.

29 जानेवारी, सोमवार

5 इंची पुली आली, उद्यमनगरातूनच, 1,400 रुपये. आता 48 आरपीएम, पट्टा 1.33 मीटर, फेरी 18 सेकंदांच्या आत. खूण 0.39 मीटरवर, दोन वर्तुळांच्या मधे, बाहेरच्या वर्तुळाच्या जरा आत.

फरक ऐकूनच कळला. टोपीवरचा मारा थांबला, फक्त शूटमध्ये वाळू पडल्याचा भरीव आवाज. व्हिडिओत आता वाळू माथा ओलांडल्याबरोबर बाहेरच्या कडेवरून सुटते आणि एका जाड पट्ट्यासारखी शूटच्या दिशेने जाते. शेवटचा थोडा भाग मागे रेंगाळतो आणि फटीत पडतो. मिनिटाला 345 किलो.

तात्पुरती रबरी पट्टी शूटच्या तोंडाशी लावली, बकेटीच्या कडेपासून 5 मिलिमीटरवर. तीच पाळी संपायच्या आत फाटली. पट्टा चालताना बकेटी इतक्या मागेपुढे हलतात की 5 मिलिमीटर पुरत नाही. दुसरी लावली ती 20 मिलिमीटरवर, लांबट छिद्रं ठेवून, म्हणजे झिजली की पुढे सरकवता येईल.

5 फेब्रुवारी, सोमवार

सकाळी जाम होतो, दुपारी होत नाही. आठवडाभर हेच.

शेकआउटनंतरच्या (साचा फोडून ओतीव भाग वेगळा केल्यानंतरच्या) वाळूचं तापमान इन्फ्रारेड गनने बघितलं. 70 अंशांच्या पुढे. तिच्यातली ओल वाफ होऊन एलिव्हेटरमधून वर चढते आणि थंड पत्र्यावर आणि थंड बकेटींवर दव धरते. जानेवारी, फेब्रुवारीत कोल्हापूरला पहाटे चांगली थंडी असते. पहिल्या पाळीची पहिली वाळू त्या ओल्या बकेटीला चिकटते, तिच्यावर दुसरी, आणि खापरी तयार होते. वेग कितीही बरोबर असला तरी चिकटलेली वाळू सुटणार नाही.

दोन उपाय केले. पहिला फसला: काही बकेटींच्या तळाला 8 मिलिमीटरची छिद्रं पाडली. पिठासारख्या बारीक मालाला याचा उपयोग होतो, तळाशी हवा शिरते आणि माल सुटतो. आमच्या वाळूने ती छिद्रं पाळीभरातच बुजवली. सगळ्या बकेटींना पाडली नाहीत ते बरं झालं.

दुसरा लागू पडला. हेडच्या टोपीवर धूळशोषणाच्या पाइपाचं तोंड होतं, पण कुणीतरी कधीतरी त्यावर पत्रा मारून बंद केलेलं. ते उघडलं, डँपर (हवा कमीजास्त करायची झडप) बसवला. वाफ बाहेर जाऊ लागली, टोपीच्या आतून टपकणारं पाणी थांबलं. डँपर पूर्ण उघडला की शेकआउटकडचं शोषण कमी पडतं, म्हणून एक तृतीयांशवर ठेवला आहे. शिवाय सकाळी वाळू सोडण्याआधी एलिव्हेटर पंधरा मिनिटं रिकामा फिरवायचा, ही सूचना पॅनलवर चिकटवली.

9 फेब्रुवारी

जवळच्या एका साखर कारखान्यात मित्र आहे, हंगाम चालू आहे, म्हणून त्यांचा साखरेचा एलिव्हेटर बघून आलो. अगदी वेगळी जात. साखळीवर बकेटी एकीला एक लागून, मधे फट नाही, चाल संथ. फेक अजिबात नाही. बकेट माथ्यावरून कलली की साखर पुढच्या बकेटीच्या पाठीवरून घसरत शूटमध्ये जाते, त्या पाठीला मुद्दाम कडा वळवलेल्या असतात. दाणा फुटू नये आणि धूळ होऊ नये म्हणून असं. साखरेची धूळ किती धोक्याची असते हे सांगताना मित्राने अमेरिकेतल्या पोर्ट वेंटवर्थच्या साखर कारखान्याचा स्फोट सांगितला. फेब्रुवारी 2008 मध्ये झाला, 14 जण गेले. आमच्याकडे साखर नाही, पण कोळशाची पूड आहे, तेव्हा हेड झाडण्याचं काम आता दर सोमवारच्या यादीत घातलं आहे.

चिकट मालासाठी तिसरी पद्धत असते तिचीही चौकशी केली. दोन साखळ्या, संथ चाल, आणि हेडच्या खालच्या अंगाला आणखी दोन चाकं साखळीला आत ओढतात, त्यामुळे बकेट शूटच्या बरोबर वर पूर्ण उलटी होते. काम चोख करते. पण त्यासाठी आमचा सगळा एलिव्हेटर बदलावा लागेल. सोडून दिलं.

12 फेब्रुवारी, सोमवार

पुरवठादाराने नमुन्याच्या सहा प्लास्टिक बकेटी दिल्या होत्या, त्या लावल्या. वाळू त्यांना चिकटत नाही हे खरं. पण वाळूतून रनरचे, राइझरचे (ओतताना तयार होणाऱ्या जादा धातूचे) तुकडे येतात. मॅग्नेट असूनही एखादा सुटतोच, आणि कधी तो चांगला गरम असतो. आठवड्याच्या आत दोघींच्या कडा तुटल्या, एकीला भोक पडलं. ज्यांच्याकडे वाळू थंड होऊन, चाळून एलिव्हेटरला येते त्यांनी जरूर वापरून पाहाव्यात. आमच्याकडे नाही टिकणार.

19 फेब्रुवारी, सोमवार (शिवजयंती)

मोठं काम आज. सगळ्या बकेटी बदलल्या.

जुन्या बकेटी खोल होत्या, तळाचा कोपरा काटकोनात. नव्या उथळ, समोरची कड बुटकी, तळ गोल वळवलेला, 3 मिलिमीटर पत्र्याच्या. एका बकेटीत माल कमी मावतो, पण जेवढा मावतो तेवढा सगळा सुटतो. आम्हाला त्या पूर्ण भरून चालवायच्याच नाहीत: 1.33 मीटर वेगाला सेकंदाला तीनहून जास्त बकेटी माथ्यावरून जातात, आणि तासाला 22 टनांसाठी एका बकेटीत दोन किलोच्या आत वाळू पुरते. खोल बकेटीचा मोह इथे सोडावा लागतो.

एकेक बकेट 340 रुपये, सुट्या धरून 60 घेतल्या, 20,400 रुपये. बोल्ट, वॉशर 4,000.

वेळ गेला तो छिद्रांमुळे. पट्ट्यावरच्या छिद्रांचा टेंप्लेट पुरवठादाराला दिला होता, तरी माल आला तो 5 मिलिमीटरच्या फरकाने. परत पाठवायचं तर पुढचा सोमवार उजाडला असता. पोरांनी सगळ्या बकेटींची छिद्रं ड्रिलवर लांबट करून घेतली, त्यात दुपार झाली. माल ट्रकमधून उतरवायच्या आधी एक बकेट पट्ट्याच्या तुकड्यावर ठेवून बघावी.

बोल्ट चपट्या डोक्याचेच हवेत, डोकं पट्ट्यात बसेल असे आवळायचे. उंच राहिलेलं डोकं पुलीवर ठोकत जातं आणि नवं लॅगिंग खातं. पाळीभर चालवून पुन्हा सगळे आवळले, कारण रबर दबतं आणि बोल्ट ढिले होतात.

त्याच वेळी दुसऱ्या टोळीने शूट बदलला. 60 अंशांचा उतार, आतून घसरडं प्लास्टिकचं अस्तर, आणि तोंड बकेटीच्या बाजूला थोडं खाली ओढलेलं, म्हणजे उशिरा सुटणारी वाळूही आत पडेल. 11,000 रुपये. उतार वाढवला की शूटचं खालचं टोक हॉपरच्या मध्यावर न येता अलीकडे येतं, त्यामुळे वाळू हॉपरच्या एका भिंतीलगत पडू लागली. आत एक आडवी पट्टी वेल्ड करून ती मधे वळवली.

रात्री साडेनऊला रिकामा फिरवला. कुठे घासत नाही. बाहेर मिरवणुकीचे ढोल ऐकू येत होते, पोरांना सोडलं.

22 फेब्रुवारी

मिनिटाला 395 किलो, तासाला साधारण 23.7 टन. एलिव्हेटर याहून जास्तही देईल, पण मागून तेवढी फीडच येत नाही. अँपिअर 4.6 वर स्थिर, झोके गेले. फीड बंद केल्यावर उतरत्या बाजूच्या केसिंगला हात लावला, काहीच जाणवत नाही. मामांनीही लावून पाहिला आणि म्हणाले, "आता बरोबर." एवढं बोलून ते दुसऱ्या कामाला गेले. मला मात्र तिथून हलवेना, मी व्हिडिओ घेऊन आलो: माथ्यानंतर सगळी वाळू एका कमानीत बाहेर पडते आणि रबरी पट्टीच्या बरीच वरून शूटमध्ये शिरते.

4 मार्च, सोमवार

हेड पुन्हा उघडलं. बकेटींच्या तळाला नखाने निघेल इतका पातळ थर आहे, खापरी नाही. रबरी पट्टी 10 मिलिमीटर झिजली, पुढे सरकवली. दोन बोल्ट ढिले सापडले. टोपीचा पत्रा आता झिजत नाही, पण जोरात चालवलेल्या त्या दोन दिवसांत त्यावर उमटलेले व्रण स्पष्ट दिसतात.

बूट शाफ्टला झीरो स्पीड स्विच लावला, 4,500 रुपये. शाफ्ट मंदावला की फीडचा कन्व्हेअर आधी बंद होतो, त्यामुळे पट्टा घसरला किंवा खाली काही अडकलं तरी वाळूचा ढीग होत नाही. हा स्विच बूट शाफ्टलाच लावावा. हेडला लावला तर पुली फिरत राहते आणि पट्टा थांबल्याचं त्याला कळतच नाही.

एकूण सामान आणि बाहेरची मजुरी मिळून 50,000 रुपयांच्या आसपास गेले. आमच्या लोकांचे सोमवार वेगळे. नव्या एलिव्हेटरसाठी आलेलं कोटेशन याच्या कित्येक पट होतं.

राहिलेली कामं: हॉपरला लेव्हल प्रोब (वाळूची पातळी ओळखणारा) बसवून तो फीडला जोडायचा. शेकआउटखालचा मॅग्नेट अशक्त झाला आहे, बदलायचा. बूटच्या खड्ड्यात पावसाळ्यात पाणी पाझरतं आणि खालची वाळू चिखल होते. खड्ड्याची भिंत वॉटरप्रूफ करून कोपऱ्यात पाण्याच्या पंपासाठी चर काढायची, हे मेच्या आत. पंधरवड्यातून एकदा फेरीचा वेळ, मिनिटाचं वजन आणि अँपिअर पॅनलवरच्या वहीत लिहायचे. फेरी 18 सेकंदांच्या वर गेली तर आधी पट्ट्याचा ताण बघायचा.